सोडलेला श्वास

आमच्या गावात वारा कुठून येतो हे कुणी विचारत नाही,
कुठल्या खिडकीतून वाजतो एवढंच विचारतात.
पुंता अरेनासच्या प्रत्येक घरात एक तरी फट असते,
आणि माझी आई अंथरुणातूनच सांगायची :
स्वयंपाकघराची नव्हे, जिन्यावरची.

एलेउतेरियो बाआमोंदे. वय एकावन्न.
धंदा : मेंढ्या भादरणे.
नऊ हंगाम दम्याचा पंप एका खिशात,
दुसऱ्यात कात्रीला घासायचा दगड.
लोकरीची धूळ, सगळे म्हणाले.
तोही म्हणाला,
आणि दर डिसेंबरात पुन्हा त्याच धुळीत वाकला.

सामुद्रधुनीपलीकडून, पोर्वेनीरहून, चिठ्ठी आली
तिथल्या नव्या डॉक्टरणीची. पोरगीच अजून.
‘शीळ फक्त डाव्या बाजूला.’
‘फक्त’ खाली दोन रेघा.

दमा पक्षपात करत नाही,
वाजला तर दोन्हीकडे वाजतो.

नेहमीसारखं : श्वास घ्या, धरा, हलू नका.
मग ओस्वाल्दोला म्हटलं, आता सोडायला सांग.
सगळा. अजून. अजून.
रिकाम्या माणसाचं चित्र हवंय मला.

उजवं फुप्फुस करडं झालं, देणं फेडून मोकळं.
डाव्याचा खालचा भाग काळाच राहिला,
उसनं परत न करणाऱ्या शेजाऱ्यासारखा.
तिथे हवा आत जात होती,
बाहेर पडायला दार नव्हतं.

मग मी नळीत उतरले, काप काप, मिलिमीटर मिलिमीटर,
चहा निवला, त्यावर साय धरली,
आणि दुसऱ्या फाट्यावर ते बसलेलं :
चौदा मिलिमीटर. गुळगुळीत. कडेला चुन्याचा एक कण.
भिजवलेल्या हरभऱ्याएवढं.
शिरेतून औषध गेलं तसं चटकन उजळलं,
जणू नाव घेऊन हाक मारली.

पुढचं यंत्र सांतियागोला, विमानाने चार तास.
तिथे आधी साखर पाजून पाहिली,
किरणं लावलेली साखर.
हावऱ्या गाठी साखरेवर तुटून पडतात, पेटतात.
ही पेटली नाही. कोमट राहिली.
‘विशेष संशयास्पद नाही’ असा कागद आला.
मी फोन केला. पुन्हा केला.
गॅलियमचं करा, म्हटलं, तिची भूक वेगळी असेल.

गॅलियमने
रात्री चुलाण्याचं लोखंडी दार उघडावं
तशी दिसली.

कार्सिनॉइड.
फुप्फुसाच्या शंभर कर्करोगांत एखादा-दुसरा.
नाव नंतर सूक्ष्मदर्शकाने पक्कं केलं.
मी पत्ता दिला होता, आणि ‘बहुधा’.
आमचा सगळा धंदा या बहुधावर चालतो.

आता हे लिहायलाच हवं :
चार वर्षांपूर्वीचा एक्स-रे मी कपाटातून काढला.
खाली सही. दा. वुकासोविच. ‘छाती नॉर्मल.’
हृदयाच्या सावलीमागे काहीतरी आहे.
आज दिसतंय.
की आज ठाऊक आहे म्हणून दिसतंय?
दिवा मोठा केला, बारीक केला,
ओस्वाल्दोला न सांगता दाखवला.
त्याने दोनदा पाहिलं आणि विचारलं, काय शोधायचंय?
त्यानेही माझी सुटका झाली नाही.

मी एलेउतेरियोला सांगितलं. फिल्म समोर धरून.
त्याने टोपी गुडघ्यावर फिरवली,
चरबी मुरलेले हात, लोकरीने मऊ झालेले,
आणि बऱ्याच वेळाने म्हणाला :
म्हणजे मेंढ्या निर्दोष?

नळीचा तेवढा तुकडा काढून दोन टोकं शिवली.
फुप्फुस राहिलं.
एप्रिलात पुन्हा तपासणीला आला तेव्हा ओस्वाल्दो म्हणाला, सोडा.
आणि दोन्ही बाजू करड्या झाल्या,
सारख्या नव्हे, सारख्या कधीच नसतात,
पण करड्या.

घरी जिन्यावरची खिडकी अजून वाजते.
तीन हिवाळे मी तिच्यात वर्तमानपत्र कोंबून झोपतेय.
उद्या सुताराला बोलवीन म्हणते.